आधी हिशेब, मग साहस

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनाच्या पंगती उठल्यावर आपल्या विद्यालयाचा एक विद्यार्थी आमच्यापाशी येऊन बसला. वय 26. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेत तीन वर्षांपासून लिपिक. त्याला नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईने गावभर पेढे वाटले होते आणि बुद्धविहारात खीरदान केले होते. तो म्हणाला, "सर, महाविद्यालयातले दोन मित्र पुण्यात स्टार्टअप काढताहेत. गोदामांतल्या धान्यसाठ्याची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली ते बनवणार आहेत. मलाही बोलावताहेत. जाऊ का?" आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. असा प्रश्न यापूर्वी दोनदा आमच्यापुढे आला होता, आणि दोन्ही वेळा आम्ही उत्तर देण्याची घाई केली होती. त्या घाईची किंमत आम्हाला मोजावी लागली नाही. ती आमच्या विद्यार्थ्यांनी मोजली. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते मोकळेपणाने सांगावे आणि पुढे काय करता येईल याचा विचार समाजापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रसंग बराच जुना आहे. विद्युत शाखेची पदविका घेतलेला एक विद्यार्थी पंपदुरुस्तीची आणि सौरपंप बसवण्याची छोटी संस्था काढू म्हणत होता. आम्ही त्याला बसवून घेतले आणि वडीलकीच्या स्वरात सांगितले, "सरकारी नोकरीशिवाय दुसरे काही डोक्यात आणू नकोस." त्याने आमचे ऐकले. पुण्यात एका खोलीत पाच जणांसोबत राहून त्याने आठ वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. दोनदा तो मुलाखतीपर्यंत पोहोचला, पण पद मिळाले नाही. आज तो तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याच्या तालुक्यात सौरपंपांचे काम आता दुसरेच कोणी करतात.

दुसरा प्रसंग त्याच्या अगदी उलट आहे. कंपनी सुरू केल्याचे एका विद्यार्थ्याने कळवले तेव्हा आम्ही त्याला याच व्यासपीठावर पुष्पहार घातला, टाळ्या वाजवल्या आणि त्याला समाजाचे भूषण म्हटले. भांडवल कोठून आणले, हा एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. वडिलांच्या निवृत्तीची भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि आईचे दागिने त्यात गेले होते. दोन वर्षांत कंपनी बंद पडली. त्यानंतर तो मेळाव्याला येत नाही आणि निमंत्रणाला उत्तरही देत नाही. पैसा गेला याचे दुःख आहेच. पण ज्या व्यासपीठावर आपण त्याला हार घातला, त्याच व्यासपीठाची त्याला लाज वाटू लागली, याचे दुःख आम्हाला अधिक आहे.

एकाला आम्ही भीतीपोटी अडवले आणि दुसऱ्याला अभिमानापोटी ढकलले. दोन्ही वेळा हिशेब मात्र मांडला नाही.

आमच्या पिढीची भीती निराधार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या कायम नोकरीच्या पगारावर आम्ही चार भावंडे शिकलो. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या वाट्याला बलुते, येसकरी आणि वेठ आली, त्यांच्या घरात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येणे ही एक क्रांतीच होती. ती नोकरी कोणाच्या मेहेरबानीने मिळाली नव्हती. राज्यघटनेने दिलेल्या हक्काने ती मिळाली होती. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, मग स्टार्टअपमध्ये कोठून असणार? म्हणून कायम नोकरी सोडण्याची गोष्ट निघाली की आपल्या घरातल्या माऊल्यांच्या डोळ्यांत पाणी येते. त्या अश्रूंमागे मोठा इतिहास आहे. त्याची थट्टा करण्याचा अधिकार व्यवस्थापनाची दोन पुस्तके वाचलेल्या कोणालाही नाही.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला त्याच इतिहासाची दुसरी बाजूही दिसते. परमपूज्य बाबासाहेब 1917 साली परदेशातून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतील शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. मुंबईला परतल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या, आणि शेअरबाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देणारी एक लहान पेढीही काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्ला तो! पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. आजच्या भाषेत बोलायचे तर बाबासाहेबांचे पहिले स्टार्टअप बुडाले. ते ज्ञान किंवा कष्ट कमी पडल्यामुळे बुडाले नाही. बाजारालाही जात असते, म्हणून बुडाले.

पुढे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन होते दरमहा 450 रुपये. त्या वेतनातून काटकसरीने त्यांनी पैसे साठवले. नोकरीत असतानाच, 31 जानेवारी 1920 रोजी, 'मूकनायक' सुरू झाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी 2500 रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. त्यानंतर आपली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज यांच्या बळावर ते त्याच वर्षी अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. 1923 साली परतल्यावर त्यांनी वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. त्यातही सुरुवातीची मिळकत अपुरी पडे, म्हणून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याचे अर्धवेळ काम त्यांनी केले.

या क्रमाकडे पाहिले की नोकरी म्हणजे गुलामी आणि व्यवसाय म्हणजे स्वातंत्र्य, असे सोपे समीकरण त्यात आढळत नाही. एक प्रयत्न फसला, तेव्हा त्यांनी नोकरी पत्करली. नोकरीतून बचत झाली, बचतीतून शिक्षण झाले आणि शिक्षणातून स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीची तरतूद होती. (आजच्या बँक वा शासकीय कर्मचाऱ्याने यावरून चोरून धंदा करण्याची मुभा घेऊ नये. सेवानियम तसे करू देत नाहीत आणि त्यात नोकरी जाऊ शकते.)

आपल्या धम्माच्या परंपरेलाही व्यापारउदीम परका नाही. बुद्धांचे पहिले दोन उपासक तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारी होते. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी होता. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो शिलालेख आहे, त्यात भिक्खूंच्या चीवरांसाठी 3000 कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने आणि 1000 पाऊण टक्का व्याजाने होती. जुन्नरच्या लेखांत बुरूडकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. कारागिरांचे संघ पतपेढ्या चालवत होते आणि विहारांचा पैसा त्यांच्याकडे विश्वासाने ठेवला जात होता, असा आपला वारसा आहे.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखावा. या उपदेशातील पहिल्या तीन भागांपेक्षा चौथा भाग आम्हाला आज अधिक मोलाचा वाटतो. ज्याने वडिलांची सगळी पुंजी कंपनीत घातली, त्याच्यापाशी हा चौथा भाग नव्हता. आणि आम्ही, सुत्त वाचणारे, त्याला त्याची आठवण करून द्यायला विसरलो.

म्हणून या वेळी त्या बँकेतील विद्यार्थ्याला आम्ही मत दिले नाही. कागद आणि पेन दिले.

पहिला हिशेब घराचा. घरखर्च महिन्याला किती? कर्जाचे हप्ते किती? त्याच्या पगारावर कोण कोण अवलंबून आहे? घरखर्च आणि हप्ते मिळून महिन्याला 30,000 रुपये लागत असतील, तर वर्षभर पगार न मिळताही घर चालण्यासाठी 3,60,000 रुपये बाजूला हवेत. हे पैसे कंपनीत घालायचे नाहीत. हा आपला चौथा भाग आहे. तो नसेल तर धैर्याच्या गप्पा व्यर्थ आहेत. ज्याच्या पाठीशी वडिलांचा शहरातला फ्लॅट आणि काकांचे दुकान आहे, त्याचे धैर्य आणि आपल्या मुलाचे धैर्य एका तराजूत तोलता येत नाही. तो पडला तर घरच्या गादीवर पडतो. आपला मुलगा पडला तर त्याच्यासोबत धाकट्या बहिणीचे शिक्षणही पडते.

दुसरा हिशेब शेअरचा. नव्या कंपन्या पगार कमी देतात आणि त्याच्या बदल्यात कंपनीच्या शेअरचा हक्क देऊ करतात. त्याला ईसॉप म्हणतात. समजा, दुसरीकडे 45,000 रुपये मिळत असताना येथे 35,000 रुपये मिळणार आहेत. म्हणजे दरमहा 10,000 रुपये आपण सोडतो. शेअरचा हक्क बहुधा चार वर्षांत थोडा थोडा पक्का होतो, आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी सोडले तर सहसा काहीच मिळत नाही. चार वर्षांचे 48 महिने धरले तर आपण सोडलेली रक्कम 4,80,000 रुपये होते. ही त्या शेअरची आपण मोजलेली किंमत. आता कंपनीचा दशांश टक्का मिळणार असेल आणि कंपनीचे मूल्य 50 कोटी सांगितले जात असेल, तर कागदावर हाती येतात 5 लाख. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले आणि मूल्य तेवढेच राहिले, तर चार वर्षांच्या जोखमीची कमाई 20,000 रुपये! शिवाय नवे गुंतवणूकदार आले की आपला वाटा आकुंचित होतो. कंपनी विकली गेली तर करारानुसार बहुधा गुंतवणूकदारांचे पैसे आधी फेडले जातात. शेअर हाती घेताना, ते विकण्याआधीच, करही लागू शकतो. कंपनीचे मूल्य अनेक पटींनी वाढेल असा स्वतःच्या अभ्यासातून विश्वास असेल, तरच हा सौदा शहाणपणाचा. 2022 साली सुमारे 22 अब्ज डॉलर मूल्याची मानली गेलेली 'बायजूज' 2024 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे कागदावरच्या आकड्यांकडे पाहताना लक्षात ठेवावे.

तिसरा हिशेब शिकण्याचा. लहान कंपनीत एकच माणूस ग्राहकाशी बोलतो, काम उभे करतो आणि हिशेबही पाहतो. मोठ्या कचेरीत पाच वर्षांत न मिळणारा अनुभव तेथे दोन वर्षांत मिळू शकतो. कंपनी बुडाली तरी हा अनुभव बुडत नाही. मात्र तो खरोखर मिळणार आहे का, की केवळ रात्रंदिवस राबवून घेतले जाणार आहे, हे तेथे काम सोडून गेलेल्या दोन माणसांना भेटून विचारावे. कंपनीच्या खात्यात किती महिन्यांचा पैसा आहे, हेही निःसंकोच विचारावे. या प्रश्नाचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे जाऊ नये.

चौथा हिशेब वयाचा. महाराष्ट्र राज्य सेवेसाठी मागासवर्गीय उमेदवारांना 43 वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे. चोविसाव्या वर्षी नव्या उद्योगात तीन वर्षे घालवणाऱ्यासाठी शासकीय सेवेचे दार बंद होत नाही. उलट, हाती असलेल्या कायम पदाचा राजीनामा दिला की ते पद परत मिळत नाही. न मिळालेली नोकरी न स्वीकारणे आणि मिळालेली नोकरी सोडणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

जे स्वतः उद्योग सुरू करू पाहतात, त्यांच्यासाठी आणखी काही. नोकरी सोडण्याआधी आपल्या वस्तूला वा सेवेला रोख पैसे मोजणारे, नात्यागोत्याबाहेरचे दोन-तीन ग्राहक मिळतात का ते पाहावे. मित्रामित्रांतही भागीदारीचा लेखी करार करावा, आणि मधूनच सोडून जाणाऱ्याच्या वाट्याचे काय ते त्यात आधीच लिहावे. खाजगी मर्यादित कंपनीत मालकाची जबाबदारी मर्यादित असते खरी, पण बँक वैयक्तिक हमी मागते आणि त्या सहीने ती मर्यादा संपते. आईवडिलांच्या घरावर अशी सही करू नये. 2016 साली सुरू झालेल्या 'स्टँड-अप इंडिया' योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद करण्यात आली. केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचे लक्ष्य आहे. लघुउद्योगांची देयके 45 दिवसांच्या आत चुकती करण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे. ही साधने आहेत. ती माहीत असावीत आणि वापरावीत.

येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. या योजनांसाठी कंपनीत 51 टक्के वाटा आपल्या माणसाचा असावा लागतो, म्हणून काही मंडळी आपल्या तरुणांना नावापुरते मालक करतात. जातीचा दाखला आपला, सही आपली, कर्ज आपल्या नावावर, आणि धनादेशपुस्तिका मात्र दुसऱ्याच्या खिशात! ही नव्या काळातील वेठच आहे. जो दाखला आपल्याला हक्क म्हणून मिळाला, तो कोणाला भाड्याने देऊ नये.

आणि शेवटचा हिशेब सम्यक आजीविकेचा. शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. आज विष बाटलीतच असते असे नाही. गरजवंताला मिनिटात कर्ज देऊन त्याच्या नातेवाइकांना फोनवर धमकावणारे ॲप आणि तरुणांना जुगाराचे व्यसन लावणारा खेळ, हेसुद्धा विषच आहे. तेथे मिळणारा पगार कितीही मोठा असो, या विद्यालयाच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलाने तो नाकारावा, अशी आमची अपेक्षा आहे.

काही समाजबांधव विचारतील, "सर, इतके हिशेब केले तर कोणी उद्योगात पडेल का?" आमचे उत्तर असे की पडेल, आणि टिकेलही. आपल्या एका विद्यार्थिनीने असाच हिशेब मांडला. आईवडील दोघेही कमावते, कर्ज नाही, वय 24. ती बंगळुरूच्या एका नव्या कंपनीत गेली. चौदा महिन्यांनी ती कंपनी बंद पडली. तिच्या बचतीवर दोन महिने निघाले, आणि अनुभवाच्या बळावर आधीपेक्षा चांगले काम मिळाले. ती यंदाच्या मेळाव्यात आली होती आणि आपली कंपनी कशी बुडाली, हे तिने दहावीच्या मुलींना हसत हसत सांगितले. ज्याला व्यासपीठाची लाज वाटली, तो विद्यार्थी त्या वेळी आम्हाला फार आठवला.

त्या बँकेतील विद्यार्थ्याच्या हिशेबाचे उत्तर मात्र वेगळे आले. बहिणीच्या परिचर्या अभ्यासक्रमाचे दहा महिने बाकी, घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या एकट्याच्या पगारातून, आणि बचत जेमतेम दोन महिन्यांची. त्याने मित्रांना दहा महिने थांबण्यास सांगितले. मित्र थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्याला घेतले. त्याला वाईट वाटले आणि आम्हालाही वाटले. उद्या ती कंपनी मोठी झाली, तर हा निर्णय चुकीचा होता असे लोक म्हणतील. आमच्या मते तो तेव्हाही योग्यच ठरेल. निर्णयाची परीक्षा त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर करायची असते. त्याने आता दर महिन्याला चौथा भाग बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. पुढची संधी येईल तेव्हा त्याचा कागद वेगळे उत्तर देईल.

पण तो चौथा भाग प्रत्येकाने एकट्यानेच जमवावा काय? इतरांच्या मुलांना काका, मामा आणि जातीचे व्यापारी मंडळ असते. आपल्याला आपण स्वतःच आहोत. बाबासाहेबांच्या पाठीशीही एक राजा आणि एक मित्र उभा होता. दीघजाणू सुत्तात गृहस्थाच्या कल्याणाच्या चार गोष्टींमध्ये उद्योगशीलता आणि मिळकतीचे रक्षण यांच्याबरोबरच कल्याणमित्रता सांगितली आहे, ती उगीच नव्हे.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे आमचे तीन प्रस्ताव आहेत. एक : बँक, कायदा, लेखापालन आणि उद्योग या क्षेत्रांतील माजी विद्यार्थ्यांचे एक कल्याणमित्र मंडळ असावे. त्याने वर्षातून दोनदा विद्यालयात बसावे आणि असा निर्णय घेऊ पाहणाऱ्याचा कागद त्याच्यासोबत मांडावा. दोन : धम्मदानातून एक लहान निधी उभारावा. तो कोणाच्या कंपनीत गुंतवू नये. उद्योगात उतरलेल्या वा उद्योग बुडालेल्या माजी विद्यार्थ्याच्या भावंडांचे शिक्षण थांबू नये, एवढ्यासाठीच तो वापरावा. तीन : मेळाव्याच्या व्यासपीठावर यशस्वी उद्योजकाच्या शेजारी एक खुर्ची, ज्याचा उद्योग चालला नाही त्याच्यासाठी ठेवावी. त्याच्याकडून आपण अधिक शिकू.

आणि ज्याच्या गळ्यात आम्ही हार घातला होता, त्या विद्यार्थ्याला या लेखातून सांगायचे आहे. बाळा, तुझी पेढी बुडाली तशी बाबासाहेबांचीही बुडाली होती. तुला प्रश्न विचारायचे होते ते आम्ही विचारले नाहीत. तो दोष आमचा आहे, तुझा नाही. पुढच्या मेळाव्याला ये. पहिली खुर्ची तुझी आहे.

जयभीम!